राणीचा अग्नी

एका राज्यात विस्तव उरला नव्हता. धूम्राक्ष मांत्रिकाने शाप दिला आणि चुली, समया, लोहाराच्या भट्ट्या एका फुंकरीत विझल्या. माणसं धान्य भिजवून कच्चंच खात. मेलेल्यांना अग्नी मिळेना. राणी वारली, तेव्हा तिचा देह बर्फाच्या तळघरात ठेवला. राजकन्या वज्रमाला रोज त्या दाराशी जाई आणि आत न जाता परत येई.

डोंगरमाथ्यावरचे निखारे कुणी जिवंत खाली आणले, तर शाप सुटणार होता. खूप जण गेले, हरून आले. त्या राज्याची रीत अशी, की हरलेल्याकडे पाठ फिरवायची, त्याला वेशीबाहेरच्या आळीत धाडायचं आणि काही विचारायचं नाही.

वज्रमाला गेली. खिंडीतल्या वाऱ्याने निखारे विझवले. राजाची लेक म्हणून तिला पुन्हा पाठवलं. या वेळी गुहेच्या छतातून पाणी टपकलं आणि मडकं थंड पडलं.

"आली गं आली, राख घेऊन आली!" वेशीवरची टिटवी ओरडली.

"प्रधानजी, गुहेच्या पुढे वाटेत काय आहे ते तरी सांगा!" वज्रमाला म्हणाली.

प्रधानांनी पाठ फिरवली. "हरलेल्याशी बोलू नये, राजकन्ये. रीत आहे."

"जळो तुमची रीत! जळायलाही विस्तव नाही म्हणा."

आळीत ती भिंतीला टेकून बसून राहिली. आता आई तशीच राहणार होती. शेजारच्या कान्हदेवाने तिच्यापुढे भिजवलेले हरभरे सरकवले.

"तुम्ही कुठे हरलात?" तिने विचारलं.

तो दचकला. "नदीवर. ती मेलेल्यांच्या आवाजात हाक मारते. माझ्या मुलाने बोलावलं. मी वळलो, पडलो."

"मग हे सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुणी? त्या दिवशी वेशीत तुम्हीही होतात, बाईसाहेब."

ती होती. पाठ फिरवून उभी होती. तिला रडू फुटलं.

मग तिने आळीतल्या प्रत्येकाला तेच विचारलं, आणि सारी आळीच तिच्यासोबत निघाली. खिंडीत माणसांनी घोंगड्यांची भिंत धरली. गुहेत मडक्यावर ओंजळींचं छत झालं. नदीत पाय घालताच हाक आली, "वज्रे, फार गार आहे गं. ये ना." ती वळणार, तोच कान्हदेवाने मागून तिचे कान दोन्ही तळव्यांनी गच्च झाकले. त्याचे स्वतःचे कान उघडेच होते. तो हुंदके देत, मुलाच्या हाका ऐकत, तिला पार घेऊन गेला.

वेशीत वडीलधारे पाठ करूनच उभे होते. समोरच्या भिंतीवर लाल उजेड पडला, तेव्हा कुठे ते वळले.

शाप सुटला. घरोघर चुली पेटल्या, भट्ट्या धडधडू लागल्या. वज्रमालेने आईला अग्नी दिला आणि चिता शांत होईतो ती तिथून हलली नाही. मग जळतं लाकूड हाती घेऊन ती कान्हदेवाकडे गेली.

"तुमच्या मुलाला कुठे ठेवलंय?" तिने विचारलं. "चला, मी येते."