भिवरा कासारीण आणि कौतिकाचा हिरवा चुडा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. पांगरखिंडीतल्या जाणत्यांना आपल्या घरातल्या किती सुना बाळंतपणात गेल्या तेही धड सांगता येत नाही, ते साल कुठून सांगणार? पण गोष्ट खरी. ती बायकांनी सांगितलेली आहे.

पांगरखिंड म्हणजे घाटाच्या तोंडावरचं गाव. तिथे भिवरा नावाची कासारीण होती. डोक्यावर टोपली घेऊन ती दारोदार बांगड्या भरत हिंडायची. बाईचा हात कितीही मोठा असो, भिवरा तो आपल्या हातात घ्यायची, हळूच दाबायची, बोलता बोलता अंगठा आत वळवायची, आणि लहानातल्या लहान मापाची बांगडी मनगटावर चढलेली असायची. तिने मनात आणलं असतं तर अंगठीतून अख्खा हात काढला असता, असं म्हणतात.

आता या गावाची एक खोड ऐका. गावाला घट्ट चुड्याची मोठी मिजास. सातव्या महिन्यात पोटुशीला हिरवा चुडा भरायचा, तो रुतणाराच हवा. बांगडी सैल पडली तर सासर उपाशी ठेवतं. बांगडी रुतली तर सून भरली, घर खातंपितं. गावाची अब्रू सुनेच्या मनगटावर. सून आत कशी आहे, हे विचारायची रीत नव्हती.

भिवराने स्वतःच्या सुनेलाही असाच चुडा भरला. पोरीचे हात सुजले होते. डोकं ठणकतंय म्हणत होती. भिवरा म्हणाली, "पहिलटकरणीची थेरं सगळी." तेल लावलं, दाबलं, सगळ्यात लहान माप चढवलं. बायकांनी तोंडभरून कौतुक केलं. चौथ्या दिवशी पोरीला झटके आले, डोळे फिरले, आणि पोटातल्या जिवासकट ती गेली. जाळायला नेताना चुडा निघेना.

त्यानंतर भिवरा सात वर्षं रडली नाही, असं म्हणतात. सात वर्षं तिने फक्त विचारलं. टोपली घेऊन जायची, पोटुशीचा हात हातात धरायची आणि विचारायची. झोप लागते का? लघवीला नेहमीसारखी होते का? काळजाखाली दुखतं का? बाळ हलतं का? म्हाताऱ्या हसायच्या. "कासारीण झाली वैदीण!" भिवरा हात सोडायची नाही. हळूहळू तिला कळत गेलं. दिवसभर कामात उभं राहिलेल्या बाईचे पाय संध्याकाळी सुजतात आणि सकाळी उतरतात, ते बहुतेकदा सोसण्यासारखं. पण सकाळी उठताना तोंड सुजलेलं, हात सुजलेले, डोकं फुटतंय आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, तर थांबायचं नाही. पुढे पुढे तिला नुसत्या काकणांच्या आवाजावरून कळायचं. दोन आळ्या पलीकडे बाई भाकरी थापत असली तरी भिवरा कान टवकारून म्हणायची, "हिची काकणं वाजेनाशी झाली. हिला बघायला पाहिजे."

अशात कौतिकाला सातवा लागला. कौतिका हरबाची बायको, म्हाळसाबाईची सून, वय सोळा. डोहाळजेवणाचा थाट मोठा. पुरण शिजलेलं, ओटीवर म्हातारे पाटावर बसलेले, मधे कौतिका हिरव्या लुगड्यात. आदल्याच आठवड्यात परगावच्या कासाराने चुडा भरून ठेवला होता, कारण भिवरा भरताना फार प्रश्न विचारते, असं म्हाळसाबाईचं म्हणणं. भिवराला बोलावलं नव्हतं. ती आली.

आली आणि तिने कौतिकाचा हात धरला. काकणं मांसात शिरली होती. भिवराने पोरीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. बायका वाकून बघायला लागल्या. खळगा भरेना.

"डोकं दुखतं का गं?"

कौतिकाने आधी सासूकडे बघितलं. मग खालमानेने म्हणाली, "परवापासून. आणि काजवे दिसत्यात. दिवसाढवळ्या."

म्हाळसाबाई उसळली. "काय काजवे? साजूक तूप खाऊन अंग भरलंय तिचं! तुझी सून वाचली नाही म्हणून माझी बघवत नाही होय गं तुला?"

हे सगळ्यांसमोर बोलली. भिवरा शांतपणे म्हणाली, "माझी वाचली नाही, म्हणूनच आले."

आणि कौतिकाचा हात पदरात गुंडाळून तिने एकेक काकण चटकन फोडलं. सवाशिणीची काकणं, तीही भरल्या डोहाळजेवणात. त्या क्षणी गावातल्या सगळ्या बायकांच्या हातांतली काकणं एकदम वाजली, असं म्हणतात. शेतातल्यांच्यासुद्धा.

पुरुषांच्या पंगतीत दौलतआजा होता, गावातला सगळ्यात म्हातारा. सगळ्यात म्हातारा, म्हणून सगळ्यात शहाणा, असा गावाचा हिशेब. तो गरजला, "अभद्र बाई! आमच्या आईला बारा पोरं झाली. ती बसली होती का कधी डोकं धरून?"

"बारातली जगली किती, आजा?"

"पाच."

"आणि आई?"

आजाने पुरणपोळीकडे बघितलं. आई बाराव्याला गेली होती. अख्ख्या पंगतीला ते माहीत होतं. 

भिवरा म्हणाली, "घाटाखाली दवाखाना आहे. तिथे बाई डॉक्टर आहे. हिला आत्ता न्यायची. बाज उचला."

पुरुष हलले नाहीत. आधी जेवण होऊ द्या, मग बघू. आधी देवीला कौल लावू. आज अमावास्या. बाज खांद्यावर घेतात ती मसणात न्यायला. प्रत्येकाकडे एक कारण होतं आणि प्रत्येक कारण पोरीच्या जिवापेक्षा मोठं होतं. हरबा खांबाला धरून उभा. आईकडे बघे, बायकोकडे बघे.

मग बायका उठल्या. त्या गावात बाईने कधी कुणाला खांदा दिला नव्हता. चौघींनी बाजेचे चार पाय धरले, कौतिकाला डाव्या कुशीवर निजवलं आणि बाज उचलली.

घाटात धुकं होतं. मागचीला पुढची दिसेना. पायाखालची वाट हातभर. भिवरा बाजेला धरून चालत होती आणि दर दहा पावलांवर विचारत होती, "कौतिके, काजवे दिसतात का गं?"

"दिसत्यात."

"बाळ हलतंय का?"

"हलतंय."

मग, "थोडं हलतंय."

मग, "कळत नाही."

बायकांचे खांदे सोलून निघाले, पण खांदा बदलायला थांबायची कुणाची छाती होईना. एका वळणावर भिवराने विचारलं आणि उत्तर आलंच नाही. तिने वाकून पोरीच्या तोंडाशी कान नेला. श्वास होता. "पळा," ती म्हणाली. त्या घाटाला सात वळणं. त्या दिवशी तीनच लागली. उरलेली चार डोंगराने पोटात घेतली, असं म्हणतात. गावातल्या म्हाताऱ्यांपेक्षा डोंगराला माया जास्त होती म्हणायचं.

हरबाही आला. बराच मागून, रडत. पण आला.

दवाखान्याच्या पायरीवरच कौतिकाला झटका आला. भिवराने तिला पुन्हा कुशीवर वळवलं, तोंडात कुणाला काही कोंबू दिलं नाही. डॉक्टरीणबाई धावत आल्या, आत घेतलं, दार लागलं. बायका बाहेर बसल्या. कुणी पाणी प्यायलं नाही. सावल्या भिंतीवर चढल्या तेव्हा आतून मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला. मुलगी होती, ओंजळीत मावेल एवढी. पण आई कशी आहे ते कुणी सांगेना. भिवराने दारावर कपाळ टेकलं. डोळे फिरलेली आपली सून तिला दिसायला लागली.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आत्ता तरी जिवंत आहे. पण दोन-चार दिवस भरवसा नाही. हे दुखणं बाळंतपणानंतरही उलटतं." मग त्यांनी विचारलं, "हे ओळखलं कुणी?"

बायकांनी भिवराकडे बोट केलं.

"कुठे शिकलात?"

"सुनेच्या मयतीत," भिवरा म्हणाली, आणि सात वर्षांचं तिथे रडली.

ती बारा दिवस उशाशी बसून राहिली, डोळ्याला डोळा न लावता, असं म्हणतात. कौतिका वाचली. लेकही वाचली. पण घरी आणल्यावर म्हाळसाबाईने तिला अंधाऱ्या खोलीत घातलं आणि पाणी बंद केलं. बाळंतिणीने पाणी प्यालं की पोट सुटतं म्हणे. पाणी बंद आणि वर दूध का येत नाही म्हणून टोमणे! भिवराने तांब्या भरला, सासूच्या डोळ्यांदेखत पाजला.

कौतिका पोटावर हात ठेवून बसायची. "काकू, पोर बाहेर आलं तरी पोट तसंच. आत अजून कोण हाय?"

"कुणी नाही गं. घर रिकामं झालं म्हणून भिंती लगेच बसतात होय? सावकाश बसतील."

पुढे तिचे केस मुठीने गळायला लागले, उगाच रडू यायला लागलं. म्हाळसाबाईने भगत बोलावला. भिवरा उंबऱ्यात आडवी बसली. "केस गळतात. परत येतात. रडू येतं. पण महिना झाला तरी थांबेना, जीव नको वाटायला लागला, तर मला सांगायचं, पुन्हा बाज उचलू." भगत हात हलवत परत गेला.

त्यानंतर भिवराने किती जणी वाचवल्या याचा थांग नाही. एके सकाळी टोपली घेऊन ती घाटात उतरली, धुक्यात शिरली ती शिरलीच. तिला कुणी जाळलं नाही, कुणी पुरलं नाही. आजही धुकं दाटलं की घाटात काकणं वाजतात, असं म्हणतात.

तेव्हापासून पांगरखिंडीत डोहाळजेवणाला एक गोष्ट चुकत नाही. ताटं वाढून झाकून ठेवतात. म्हातारे पाटावर बसतात. मग गावातली एक बाई पोटुशीजवळ जाते, भिवराचं नाव घेते आणि सगळ्यांसमोर विचारते, डोकं दुखतं का, काजवे दिसतात का, बाळ हलतं का. उत्तर पोटुशीनेच द्यायचं. मधे सासू बोलली तर तिला बाहेर काढतात. पोटुशीने "बरी आहे" म्हटल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही.

गेल्या साली एका पोरीने मान हलवली आणि म्हणाली, "डोकं फार दुखतंय." बायका उठल्या आणि तिला घेऊन गेल्या. म्हातारे झाकलेल्या ताटांपुढे दिवस मावळेपर्यंत बसून राहिले, कुरकुरत. उपाशी राहून त्यातला एकही मेला नाही.