सल्ला तात्यांचा, हंडे वरच्या आळीचे

आंबेदऱ्याचं नगराध्यक्षपद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा वर्षानुवर्षं ती खुर्ची उबवलेल्या तात्यासाहेब खरमाट्यांनी गरीब गाय समजून कुमुदताईंना उभं केलं. ताई निवडून आल्या. सत्काराच्या सभेत तात्यांनी माइक हातात घेतला तो सोडेनात.

"ताई कारभाराला नवख्या आहेत. पण काळजी नको, यापुढचा प्रत्येक निर्णय माझ्याच सल्ल्याने होईल."

आता गप्प बसले तर पाच वर्षं नुसत्या सह्या कराव्या लागतील, हे ताईंनी ओळखलं. त्या शांतपणे उठल्या आणि तात्यांच्या हातातून माइक घेतला.

"तात्यांनी माझा मोठाच भार हलका केला. वरच्या आळीत महिनाभर नळाला पाणी नाही. तिथल्या बायकांनी उद्या सकाळी रिकामे हंडे घेऊन तात्यांच्या दारात जावं. निर्णय जिथे होणार, गाऱ्हाणंही तिथेच घालावं."

मंडपात बायकांच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतल्या दोघींनी तर तात्या किती वाजता उठतात तेही विचारून घेतलं. तात्या घाईघाईने ताईंच्या कानाशी लागले.

"अहो, मी आपला नुसता सल्ला देणार. निर्णय शेवटी अध्यक्षांचाच असतो."

ताईंनी माइक त्यांच्या तोंडापुढे धरला.

"तात्या, एवढंच जरा यात सांगा."