सरकार बसले की काटा चढतो

"इंजिनाचं आपल्याइतकं कळणारा माणूस या खाडीत नाही!" झिलू तांडेल धक्क्यावर छाती काढून सांगायचा. आणि लगेच डोळा मिचकावून पुढे जोडायचा, "फक्त ते सुरू कसं होतं आणि बंद का पडतं, तेवढं विचारू नका."

नेमकं तेच विचारायची वेळ आली!

आंबेघळी संस्थानच्या सरकारांनी मोटारबोट घेतली होती आणि ती चालवायला झिलूला ठेवलं होतं. टाकीत तेल किती ते दाखवणारा काटा बोटीत काचेमागे बसवलेला. सरकारांचा जीव त्या काट्यावर! बोटीत बसले की आधी त्याच्याकडे बघणार. "अर्धी टाकी आहे. भरायला नको. चल, झिलू!"

आणि परवा भर खाडीत इंजिन आचके देऊन गप्प. काटा मात्र अर्ध्यावर ऐटीत! शेवटी सरकार कोळणींच्या होडीतून, मांदेलीच्या टोपलीला टेकून घरी आले. राजवाड्यातली मांजरं अजून त्यांची पाठ सोडत नाहीत, असं म्हणतात.

मागाहून बोट ओढून आणली आणि कारभारी भाऊरावांनी आत डोकावून पाहिलं, तर काटा पार तळाला.

"सरकार!" भाऊराव किंचाळले. "आपण उतरलात तेव्हा अर्धी टाकी होती. आता खडखडाट! मधलं तेल गेलं कुठं? या झिल्यानं विकलं!"

"मी? सरकार, मी सकाळपासून भाकरीलासुद्धा तेल लावलेलं नाही!"

"मग काटा खोटं बोलतो?" सरकार गरजले. "विलायतेहून आलाय तो!"

"तिकडून आलेले सगळे खरंच बोलतात होय, सरकार?"

सरकारांच्या मिशा थरथरल्या. हसू होतं की राग, कळेना. "फार चुरुचुरु बोलतोस! टाकीला मी कुलूप घालतो, चावी माझ्या कमरेला. एक थेंब आत घालायचा नाही, एक थेंब बाहेर काढायचा नाही, काचेला बोट लावायचं नाही. उद्या दुपारी हाच काटा तळातून अर्ध्यावर आणून दाखव! आणलास तर काटा खोटा. नाहीतर चोर तू. तांडेलाची लाल टोपी इथं ठेवायची आणि खाडी सोडायची."

झिलू बोटीत जाऊन बसला. टोपी काढून मांडीवर घेतली. बापानं घातलेली टोपी ती! चोर म्हणून उतरवायची? जिवाला चैन पडेना, म्हणून त्यानं करवंटी घेतली आणि बोटीच्या तळातलं पाणी उपसायला लागला. हात सवयीनं उजव्या कडेला गेला. करवंटी कोरडी! रोज पाणी साचायचं ते उजव्या कडेला. आज मात्र मधोमध ऐसपैस पसरलेलं.

"तू का रे आज इकडं?" त्यानं पाण्यालाच विचारलं. आणि मग एकटाच असा खदखदून हसला, की धक्क्यावरचे बगळे उडाले.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव धक्क्यावर. सरकारांनी बोटीत उतरून कुलूप तपासलं. काटा तळाला.

"हं, चालव तुझी जादू!"

"आधी सरकारांनी आपल्या जागेवर बसावं. उभ्या माणसापुढं जादू लाजते."

सरकार उजव्या बाजूच्या गादीवर बसले. उजवी बाजू मानाची ना! आणि सरकारांच्या समोर बसायची तर संस्थानात रीतच नाही. म्हणून कारभारी, छत्रीवाला, पानाचा डबेवाला, सगळे सरकारांच्या मागे, उजवीकडेच खेटून बसले. डावीकडे फक्त वारा.

बोट कलली. आणि काटा डुलत डुलत अर्ध्यावर येऊन बसला!

"अरेच्चा!" सरकार ताडकन उठून मधोमध आले, त्यांच्यामागून सगळे. काटा खाली. सरकार बसले. काटा वर. पुन्हा उठले, पुन्हा बसले. धक्क्यावरची पोरं टाळ्या पिटायला लागली.

"चेटूक!" भाऊराव ओरडले.

"चेटूक कसलं, कारभारीसाहेब! टाकी आडवी आहे. काटा ज्याच्या जोरावर हलतो ते तरंगतं बूच आत उजव्या टोकाला, आणि इंजिनाला तेल नेणारी नळी डाव्या टोकाला. सरकार बसले की सगळं तेल मुजरा करायला उजवीकडे धावतं. काट्याला वाटतं, टाकी भरली. नळी बिचारी डावीकडे उपाशी! सरकार उठले की तेल आपापल्या घरी."

सरकारांनी डोळे बारीक केले.

"म्हणजे झिलू, मी जाडा आहे, असं म्हणतोस?"

"शिव शिव! कोण म्हणतं? बोटच अरुंद आहे, सरकार!"

सरकार असे हसले, असे हसले, की बोट गदगदली आणि काटा तळापासून टोकापर्यंत नाचायला लागला. कमरेची चावी काढून त्यांनी झिलूच्या हातात दिली. "आजपासून टाकीही तुझी, बोटही तुझ्या ताब्यात. टोपी घाल डोक्यावर! आणि बक्षीस माग."

"समोर बसायची परवानगी द्या, सरकार. डाव्या बाजूला कुणीतरी बसल्याशिवाय काटा खरं बोलायचा नाही."

"समोर?" भाऊरावांना ठसका लागला. "सरकारांच्या समोर?"

"बस!" सरकार म्हणाले.

झिलू टोपी नीट करून सरकारांच्या अगदी समोर बसला. सगळे काट्याकडे बघायला लागले. काटा जागचा हलेना. हलणार कसा? झिलू म्हणजे उन्हात वाळवलेला बोंबील!

झिलूनं मान खाजवली. "सरकार, मग आता एकच उपाय. आपण रोजचे लाडू जरा कमी केलेत तर..."

"मी का कमी करू रे? उद्यापासून माझ्यासारखंच ताट तुझ्या घरी येईल, आणि काटा ताळ्यावर येईपर्यंत लाडू तू खायचे!"