कासवाचं मत

जंगलात व्यापारशाळा निघाली तेव्हाची गोष्ट. प्रवेशासाठी गटचर्चा असे आणि तिची तयारी पोपटाच्या क्लासमध्ये होई. पोपट पढवायचा, "गप्प बसलेल्याला मत विचारा, जादा गुण मिळतात."

प्रवेशाच्या दिवशी चर्चेचा विषय होता, आटणारं तळं. कोल्हा, माकड आणि साळुंकी लगेच तळ्यात राहणाऱ्या कासवाकडे वळली. "आपलं मत काय?" त्याने तोंड उघडलं की दुसरं कुणीतरी तेच विचारी.

परीक्षक घुबडाने तिघांना प्रवेश दिला. कासवाला म्हणालं, "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"बोलू कुणी दिलं?" कासव कडाडलं. "घर माझं आटतंय आणि गुण यांना? लाज कशी वाटत नाही!"

बाहेरून पोपटाने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये नवा धडा होता, "कासव चिडलं तर गंभीरपणे मान हलवा. त्याचेही गुण आहेत."