काजळीच्या कणाचे पाहुणे

शहरातल्या बेकऱ्या लाकडावर चालायच्या, तेव्हाची गोष्ट. भट्टीशेजारी पडलेल्या एका लाकडाने बेकरीवाल्या जैनबीचं बोलणं रोज ऐकलं होतं, "दारात आलेल्याला उभं ठेवू नये." लाकूड जळालं आणि त्यातला काजळीचा एक कण धुराड्यातून वर गेला.

वर त्याला मोटारींचा धूर भेटला. "दमलोय. जरा टेकू दे."

"बसा की," कण म्हणाला.

मग नाल्यावरची वाफ आली. तिलाही त्याने जागा दिली. एरवी वाऱ्याने त्या दोघांना कुठल्या कुठे पांगवलं असतं. कणाच्या पाठीवर मात्र दोघं दवात भिजून एकमेकांत मुरली आणि त्यांचं विष झालं. कण फुगला, जड झाला. त्याच्यासारख्या लाखोंचं धुरकं शहरावर उतरलं.

कण उतरला तो जैनबीच्या दारात. ती खोकत होती. जन्मात पहिल्यांदाच तिने दार लोटून घेतलं आणि फटीत ओलं फडकं कोंबलं.

"आता उतरा," कण पाहुण्यांना म्हणाला, "मला घरी जायचंय."

कोणी उतरलं नाही. उतरायला वेगळं असं कोणी उरलंच नव्हतं.