वरच्या रोहडीचे भुंगे

“ते राहू द्या बाबा. भुंगे कुणाचे, तेवढं सांगा.”

अंगद सरपंच हे तिसऱ्यांदा विचारत होता. ओढ्याकडून तो पळतच तकियावर, फकिराच्या मठीवर, आला होता. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं, एका हातात तालुक्याचं पत्र आणि दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली.

लालशा फकीर चुलीत फुंकर घालत होता. चहाचं आधण अजून तापलं नव्हतं.

“मुठीत काय आहे?”

अंगदने मूठ उघडली. तळहातावर एक भुंगा होता. तुरीच्या दाण्याएवढा, दुधी रंगाचा, पाठीवर तपकिरी रेघा.

“हा आमचा. खालच्या रोहडीत सापडला. एकटा नाही, शेकड्यांनी हायेत तिथं. आमचे भुंगे त्यांच्या हद्दीत काम करायलेत, बाबा.”

लालशाला हसू आलं होतं, पण ते त्याने चुलीच्या धुरात दडवलं.

रोहडी पूर्वी एकच होती. कुठल्याशा निवडणुकीत बिनसलं आणि ओढ्याच्या अलीकडे वरची, पलीकडे खालची अशी दोन गावं झाली. दोन ग्रामपंचायती, दोन शिक्के, दोन पाण्याच्या टाक्या. लालशाचा तकिया नेमका शिवेवर, ओढ्याच्या काठाला. त्यामुळं उरूस आला की दोन्ही गावं त्याला आपला म्हणत, आणि छप्पर गळायला लागलं की दुसऱ्याचा.

अंगद पोरवयापासून लालशाच्या पायाशी बसलेला. सरपंच झाला त्या दिवशी गळ्यातला पहिला हार त्याने इथंच आणून ठेवला होता. बाबांचा शब्द त्याला शेवटचा. फक्त तो शब्द आपल्या बाजूने पडावा, एवढीच त्याची इच्छा असे.

आज त्याच्या मनात आनंदही मावत नव्हता आणि रागही.

आनंद पत्राचा होता. गाजरगवत निर्मूलनात वरची रोहडी तालुक्यात पहिली आली होती. गावच्या हद्दीत औषधालासुद्धा गाजरगवत उरलेलं नाही, असं तपासणीच्या पथकाने लिहून दिलं होतं.

राग भुंग्यांचा होता. हे भुंगे गाजरगवत सोडून दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत, असं कळल्यावर अंगदने तालुक्याच्या शेती खात्यातल्या साहेबांच्या मागं लागून बरणीभर भुंगे मिळवले होते. भोकं पाडलेल्या झाकणाची ती बरणी तो मांडीवर घेऊन एसटीने आला. सोमवारी हलगी लावून भुंगे गायरानात सोडले. आणि गुरुवारी, आता पथक येणार म्हणून, सगळं गाव कामाला जुंपून गाजरगवत मुळासकट उपटलं. फुललेल्या गवताचे ढीगच्या ढीग ओढ्यात ढकलले. पाणी आलं, ढीग वाहून गेले, हद्द लख्ख झाली.

भुंग्यांनी त्यानंतर काय खावं, याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. त्याला आता दोन महिने झाले होते.

“तुम्ही खालच्या सरपंचबाईंना सांगा,” अंगद म्हणाला. “तुमचा शब्द त्या मोडायच्या नाहीत. आमचे भुंगे आम्हाला परत पाहिजेत. आजच.”

“आजच का?”

अंगदने पत्राची घडी घातली. मग एकदम खाली बसला.

“माय निघाली, बाबा. चारच्या गाडीनं.”

... ... ...

पत्रात नव्हती ती गोष्ट हीच. केवळाबाई, अंगदची माय. गाजरगवत फुललं की तिची छाती भरून यायची. रात्रभर ती भिंतीला टेकून बसायची आणि अंगद तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायचा. डॉक्टरने सांगितलं, एक तर गवत हलवा, नाही तर बाईला हलवा. अंगद म्हणाला होता, गवत हलवतो. त्या एका शब्दापायी तो पेटला होता. भाषणात तो निर्मूलन म्हणायचा, स्पर्धा म्हणायचा, गावाचं नाव म्हणायचा. मनात फक्त मायचं अंथरूण असायचं.

गवत गेलं. पत्र आलं. आणि मायने लेकीकडं जायला पिशवी भरली.

“धाप कमी नाही झाली?” लालशाने विचारलं.

“वाढली.” अंगदचा आवाज खाली आला. “माझ्या हद्दीत एक रोप नाही बाबा. मग वाढती कशी? आता एकच राहिलं. भुंगे परत आले तर शिवेवर राखणीला तरी बसतील.”

लालशाने आधणात चहाची भुकटी टाकली.

“वैशाखात इथं काय ठरलं होतं?”

अंगदने ओढ्याकडं पाहिलं. त्याला आठवत होतं, पण सांगायची इच्छा नव्हती.

वैशाखात दोन्ही ग्रामपंचायती याच अंगणात बसल्या होत्या. खालच्या रोहडीच्या सरपंच सुलोचनाबाई घोडके यांनी सगळं मांडलं होतं. गवत फुलायच्या आत दोन्ही गावांनी एकाच दिवशी उतरायचं, ओढ्याच्या उगमापासून खालपर्यंत. उपटलेलं गवत खड्ड्यात गाडायचं. भुंगे आणले तर त्यांना जगायला काठाचा एक पट्टा तसाच ठेवायचा. सगळ्यांना पटलं. माना डोलल्या.

मग संयुक्त ठराव लिहायला घेतला. ठरावात आधी नाव कुणाचं?

वरचे म्हणाले, वरची ती आधी. खालचे म्हणाले, मतदार आमचे जास्त. दोन तास गेले. चहा दोनदा झाला. पंचेचाळीस वर्षांची उणीदुणी निघाली, कुणाच्या आज्याने कुणाची बैलगाडी अडवली होती तेही निघालं. शेवटी ग्रामसेवकाने पेनाला टोपण लावलं आणि जो तो आपापल्या वाटेने घरी गेला. अंगद सगळ्यात आधी उठला होता.

“सुलोचनाबाई मघाशीच येऊन गेली,” लालशा म्हणाला.

तो उठला. कोनाड्यातून त्याने एक बरणी काढली. झाकणाला भोकं होती आणि आत भुंगे एकमेकांवर चढत होते.

“तू गावभर ओरडत फिरतोस, ते तिच्या कानावर गेलं. बायका घेऊन सकाळभर वेचत होती. म्हणाली, त्यांचे त्यांना द्या.”

अंगदचा चेहरा असा फुलला की बस. भांडण न करता जिंकल्याचा आनंद त्याने जन्मात पहिल्यांदाच चाखला. बरणी त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली.

“सोड,” लालशा म्हणाला. “तुझ्या हद्दीत.”

अंगद अंगण ओलांडून वरच्या बाजूला गेला. घाईघाईने झाकण फिरवलं. एखादं बरं पान बघून तिथं बरणी उपडी करावी म्हणून त्याने खाली पाहिलं.

पान नव्हतं.

तो दहा पावलं पुढं गेला. मग वीस. बांध पुन्हा पुन्हा तासलेला, गायरान खरवडलेलं, पथकासाठी चुना लावलेला शिवेचा दगड पांढराफेक. त्याचं दोन महिन्यांचं काम नजर पोचेल तिथवर पसरलं होतं, आणि त्यात एका भुंग्याच्या जेवणाची सोय नव्हती.

“बाबा...” तो तिथूनच म्हणाला. “यांनी खायचं काय?”

“पत्र दाखव त्यांना.”

पहिला भुंगा बरणीच्या काठावर आला. थोडा थांबला. मग अंगदच्या खांद्यावरून उडाला आणि ओढा ओलांडून पलीकडे गेला. त्याच्यामागं दुसरा. मग पाच-सहा एकदम.

भुंग्यांमागं अंगदची नजरही पलीकडे गेली. खालच्या रोहडीचा काठ कमरेएवढ्या गाजरगवताने भरला होता. वर पांढरी फुलं, थेट वळणापर्यंत. तो काठ त्याने इतके दिवस पाहिला नव्हता असं नाही. दुसऱ्याचा म्हणून पाहिला होता.

“एवढं गवत त्यांच्याकडं आलं कुठून?”

“ओढ्याला विचार.”

... ... ...

अंगदला ते ढीग आठवले. फुललेले, बियांनी लगडलेले. ते ओढ्यात ढकलताना त्याने स्वतः टाळी वाजवली होती आणि सगळ्या गावाने त्याच्यामागं वाजवली होती. त्याने झाकण पुन्हा लावलं. तोवर बरणी अर्धी झाली होती.

तेवढ्यात पाऊलवाटेवर माय दिसली. एसटीचा थांबा तकियाच्या पुढं होता. एका हातात पिशवी, दुसरा हात कमरेवर, चार पावलं चालायची आणि उभी राहायची. तकियाच्या कट्ट्यापाशी आली आणि बसलीच. बोलायचं होतं पण दम पुरेना, म्हणून तिने नुसता हात हलवला.

पलीकडून वारा आला. तो ओढ्यावरून सरळ तिच्या तोंडावर आला आणि तिला असा खोकला लागला की पिशवी हातातून सुटली.

अंगद धावला. तिच्या पाठीवर हात ठेवून त्याने लालशाकडं पाहिलं. आता त्याच्यात सरपंच कुठं उरला नव्हता.

“बाबा, काहीतरी करा. फुंकर घाला. दुवा द्या.”

लालशाने केवळाबाईला पाणी दिलं. खोकला थांबेपर्यंत तो पेला धरून उभा राहिला.

“दुवा देतो,” तो म्हणाला. “तू तिला एवढंच समजावून सांग. श्वास वरच्या रोहडीचाच घ्यायचा. खालचा आला की तोंड मिटायचं.”

... ... ...

चुलीवर चहा उतू गेला आणि निखारे चरचरले.

लांबून गाडीचा हॉर्न वाजला. केवळाबाई कट्ट्याला रेटा देऊन उठू लागली.

“माय, आजची गाडी सोड.”

“अन् उद्या रं?”

“उद्या दोन्ही गावं ओढ्यात उतरत्याल.”

“कुणी ठरवलं?”

अंगदच्या छातीत काहीतरी जोरात धडधडायला लागलं होतं, निवडणूक जिंकली त्या दिवशी धडधडलं होतं त्याहून जोरात. माणसं किती लागतील, खड्डे कुठं घ्यायचे, भुंग्यांना कोणता पट्टा ठेवायचा, सगळं एकदम डोक्यात गर्दी करू लागलं. त्याने बक्षिसाचं पत्र उलटं केलं. मागची बाजू कोरी होती, ठराव लिहायला पुरेल एवढी. लालशाच्या कोनाड्यातून त्याने पेन्सिलीचा तुकडा उचलला, वहाणा काढून काखेत मारल्या, बरणी बगलेला लावली आणि ओढ्यात उतरला.

केवळाबाई पुन्हा कट्ट्यावर टेकली. गाडी थांब्यावर थांबली आणि तिला न घेताच गेली.

पलीकडच्या काठावर सुलोचनाबाई पदर खोचून उभ्या होत्या. पाण्यात उतरलेल्या सरपंचाकडे त्या बघतच राहिल्या.

गुडघाभर पाण्यात, मधोमध, अंगद थबकला. पेन्सील कागदावर टेकली होती आणि तिथंच अडली होती. तो मागं वळला.

“बाबा, आधी नाव कुणाचं घालू?”

लालशाने केवळाबाईच्या हातात चहाची कपबशी दिली. ती दोन्ही हातांनी धरून केवळाबाई एक एक घोट घेत होती आणि दम घ्यायला मध्येच थांबत होती.

“जिला धाप लागते, तिचं.”