चिमाबायनं दर्याशी केलेला सौदा

एक होती कोळीण. नाव तिचं चिमाबाय. समुद्रकाठच्या गावात राहायची आणि बंदरावरच्या लिलावात मासळी घ्यायची. वसू, पाय आत घे पांघरुणात, मग पुढचं सांगते.

तर चिमाबाय लिलावात उभी राहिली की भल्याभल्यांना घाम फुटायचा. मासळी घ्यायची एक रीत असते, बरं का. आवडली तरी आवडली म्हणायचं नाही. आधी कल्ले उघडून बघायचे, मग नाक मुरडायचं. "डोळे आत गेलेत हिचे, पोट मऊ लागतंय, परवाची दिसते!" असं म्हटलं की बाकीचे मागे सरतात आणि भाव उतरतो. चिमाबाय यात इतकी मुरलेली, की तिच्या तोंडून चांगला शब्द म्हणून निघायचाच नाही. मासळीला नाही, शेजारणीला नाही, नवऱ्यालाही नाही.

नवरा तिचा पोशा. गरीब गाय नुसता. एकदा काय झालं, तो होडी घेऊन दर्यात गेला आणि वादळ सुटलं. पहिल्या दिवशी सगळ्या होड्या परत आल्या, त्याची नाही. दुसऱ्या दिवशी एक वल्हं वाहत आलं. तिसऱ्या दिवशी लोक म्हणाले, "बाय, चल आता घरी." ती कसली जाते! वाळूत बसून राहिली. एवढी तोंडाळ बाई, पण नुसती रडत होती. मला तर तिची फार दया येते.

मग तिथे आली एक म्हातारी, खडकावरची कालवं काढणारी. ती म्हणाली, "रडू नको गो. उद्या भर दुपारी मोठी ओहोटी लागेल. पाणी पार लांब जाईल. मग खाली दर्याचा लिलाव भरतो. वर्षभरात दर्यानं जे उचललं, ते तिथे विकायला काढतात. तुझा पोशा असेल तर तिथेच. पण एक ध्यानात ठेव. ज्याला कोणी घेत नाही, त्याला काळ्या डोहात सोडतात. तिथून कोणी परत येत नाही."

चिमाबायनं रिकामी पाटी डोक्यावर घेतली आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीमागून चालत निघाली. वाळू संपली, खडक संपले, प्रवाळाच्या पायऱ्या लागल्या. खाली बघते तर केवढा बाजार! कासवबाबा शिंपल्यावर उभे राहून लिलाव पुकारत होते. हरवलेले नांगर विकले, फुटके दिवे विकले. मग पुढे आणला कोणाला? पोशाला! ओला चिंब, खाली मान घातलेला.

चिमाबायचा जीव असा गलबलला! पण आधी दुसरीच गिऱ्हाइकं पुढे झाली.

पहिला आला खेकडा. त्याला बिळं झाडायला गडी हवा होता. त्यानं शेवाळाचं फडकं टाकलं आणि त्याखाली कासवबाबांचा पाय दाबून बोली सांगितली. बैलबाजारात करतात ना, उपरण्याखाली बोटं दाबून, तसंच. बाहेरच्याला काही कळत नाही.

दुसरी आली मुशी, म्हणजे शार्क गो, मोठ्या दातांची. ती ओरडली, "होडीभर मोती!" जत्रेत मानाच्या नारळाची बोली लागते, तेव्हा माणसं कशी चार गावांना ऐकू जाईल असं ओरडतात? तसं. तिला पोशा नकोच होता मुळी. तिला चारचौघांत मिरवायचं होतं.

तिसरी चिमाबाय. पाटी रिकामी. काय करणार बिचारी? घाबरली आणि जन्माची सवय तोंडातून बाहेर पडली.

"हा कसला माल!" ती म्हणाली. "डावा कान ऐकत नाही याचा. जेवताना मचमच करतो. घोरतो असा की छपराची कौलं हलतात. गाणं एकच येतं, तेही अर्धं!"

झालं! खेकड्यानं फडकं काढून घेतलं. "बहिरा गडी मला नको." मुशी म्हणाली, "घोरतो? ठेवा तुमच्याकडेच," आणि शेपटी वळवून गेली.

चिमाबाय मनात खूश झाली. भाव उतरला! पण कासवबाबांनी मान बाहेर काढली आणि म्हणाले, "म्हणजे याला कोणीच घेत नाही. काळ्या डोहात सोडा. एक वार!"

तेव्हा कुठे तिला कळलं, आपण काय करून बसलो.

"दोन वार!"

"थांबा!" चिमाबाय किंचाळली. "मी घेते! मला हवेत हे!" आणि रडायलाच लागली. "माझ्याकडे मोती नाहीत, कासवबाबा. माझे जेवढे दिवस उरलेत, ते सगळे यांच्याबरोबर काढीन, हीच माझी बोली. घोरण्यासकट घेते मी यांना. तीन रात्री ते घोरणं ऐकलं नाही, तर डोळ्याला डोळा नाही लागला माझा."

"आत्ता तर नावं ठेवत होतीस!" कासवबाबा म्हणाले. "खरं कुठलं मानायचं?"

चिमाबाय पदरानं डोळे पुसत पोशाकडे बघू लागली.

मग पोशानं मान वर केली. हसत होता तो! म्हणाला, "कासवबाबा, बरं झालं तिच्याकडे माझा उजवा कान होता, सगळं ऐकू आलं. मी हिला बंदरावर वीस वर्षं बघतोय. जी मासळी नको असते, तिच्याकडे ही बघतसुद्धा नाही. कल्ले उघडून बघते ती घरी न्यायची असते म्हणूनच. त्या दोघांनी मला कुठे बघितलं होतं? हिनं सगळं बघितलंय, तरी न्यायला आलीये."

कासवबाबा तीनशे वर्षं लिलाव पुकारत होते, पण अशी बोली त्यांनी कधी ऐकली नव्हती. मग त्यांनी शिंपल्यावर पाय आपटला.

"तीन वार! ने गो बाय, तुझा माणूस."

मग दोघं हात धरून, भरती यायच्या आत वर आली. घरी जाऊन गरम भात नि कालवण जेवली. पोशा मचमच करत जेवला आणि चिमाबाय समोर बसून बघत राहिली, एक शब्द बोलली नाही. पुढे पुष्कळ वर्षं दोघं सुखानं नांदली.

तशी तुम्हीही नांदा हो बाळांनो. आता मिटा डोळे. वसू, तू फार चुळबुळ्या आहेस, दात घासत नाहीस, आणि माझी अर्धी उशी रोज ओढून घेतोस. ये, सरक इकडे माझ्याजवळ.